तुम्हाला असं म्हणायचं होतं का?

देवपुरात, दातांच्या दवाखान्यावर तिसरा मजला.
खाली ड्रिल चालतं, वर आम्ही.
माझं काम चुकीचं लिहिणं.
दिवसाला दोनशे चुका, पगारी:
'धुळे शिरपुर बस', ऱ्हस्व उकारानं,
'दवाखना', 'दावखाना', 'दवाखाना उघडा का',
आणि एकदा नुसतंच 'दुखतं'.
शोधाच्या चौकटीनं ओळखायचं, माणसाला काय हवंय.
ओळखलं तर हिरवं, नाही तर लाल.
माझ्या तक्त्यात तिसरा रंग नाही.

नवी सोय अशी: बोला, आम्ही शोधतो.
अहिराणीतही बोला.
त्यासाठी सोनगीरला गेलो, मी आणि धनंजय बोरसे.
सुपडाबाई कासार, वय त्र्याहत्तर,
आवाज क्रमांक एकेचाळीस.
मागं नवरा हंड्यावर ठोके घालत होता.
"थांबाडू का त्यास्ले?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, चालू द्या,
लोक काय शांततेत शोधतात?
कागदावरची वाक्यं संपली,
माईक चालूच राहिला,
आणि त्या आपल्या मनानं बोलल्या:
'मन्ही आंडेर कथा शे?'

दुसऱ्या दिवशी यंत्रानं लिहून दाखवलं:
मनी अंडर कथा शेअर.
खाली बाजारभाव, तीन कंपन्यांचे, बाण वर.
हसून हसून धनंजयनं चष्मा काढला.
मग तो पुसताना म्हणाला,
पण कुठंय त्यांची मुलगी?
कोणालाच माहीत नव्हतं.
ते वाक्य कागदावर नव्हतंच.

दोन आठवडे शिकवलं.
हंड्याचे ठोके वजा केले.
'शे' म्हणजे आहे.
'कथा' म्हणजे गोष्ट नव्हे बाबा, कुठं.
पुन्हा ऐकवलं.
अक्षर न् अक्षर बरोबर.
आणि खाली, बारीक निळ्या ओळीत, नम्रपणे:
तुम्हाला 'आंडोर' म्हणायचं होतं का?

यात यंत्राचा दोष नाही, साहेब म्हणाले,
पुण्याहून, पडद्यातून.
जे जास्त शोधतात ते सुचवलं जातं.
मुलगा नऊ हजार वेळा, मुलगी सातशे.
हिशेब चोख आहे.
मी दोषाची नोंद केली. तातडी: जास्त.
त्यांनी कमी केली. मी जास्त. त्यांनी कमी.
नोंदीत सगळं आहे, मिनिटासकट.
शुक्रवारी ते थकले, किंवा जेवायला गेले.

माझ्या आईला आम्ही तिघी आंडेरी.
तिन्ही वेळा दाराबाहेर आलेल्या नर्सला
कोणीतरी हेच विचारलं असणार,
इतक्या नम्रपणे नाही.

बुधवारी रात्री दोनला सोडलं.
आधी शंभरातल्या पाचांनाच,
वरण उतरवण्याआधी
तळहातावर थेंब घेऊन चाखावा तसं.
मे महिना. भिंती अजून तापलेल्या,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
पांझरेच्या पुलावर एखादा ट्रक.
आलेख आडवा. आडवा.
मग एक ठिपका.

कोण ते आम्हाला दिसत नाही, शब्द दिसतात:
'आंडेरसाठे नाव'.
मी निळी ओळ शोधली.
निळी ओळ नव्हती.
सरळ नावं होती, चाळीसेक,
धनंजय मोठ्यानं वाचत सुटला,
आणि 'तापी'पाशी थांबला, का कोण जाणे.
पुढचा शोध: 'हंडाना भाव'.
त्यापुढचा: 'झोप येत नही'.
पाचाचे वीस केले. पहाटे पन्नास.

'खापर' अजून चुकतं.
मांडे करायला खापर कुठं मिळेल विचारलं
की वाक्प्रचार येतात,
कोणी कोणाच्या डोक्यावर फोडावं.
ते पुढच्या खेपेला.

आवाज क्रमांक एकेचाळीस आम्ही पुसला नाही.
नवी आवृत्ती सुटण्याआधी दर वेळी वाजतो,
ठोक्यांसकट:
'मन्ही आंडेर कथा शे?'
यंत्र बरोबर लिहून घेतं.
निकाल: शून्य.
तक्त्यात मी हिरवं भरते.